तुमच्या भावाने बोलावलेले पाहुणे

ब्रॅकनसाइड, डरहॅम
सप्टेंबर सरता सरता

तीर्थस्वरूप ऑड्रेवन्सं,

धाकट्या भावजयीचा, आयरीनचा, वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. तुमच्या भावाच्या तळ्यात पाय घसरल्यापासून मी वाकूनच चालते आहे.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? व्हिटबीचा समुद्रवारा त्यांना मानवतो, की अजून जिना उतरताना त्यांचा कडकडाट खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला ऐकू जातो? प्रकृतीची हेळसांड करू नका. तुमच्यासारखी वडीलधारी माणसं नीट राहिली तरच आमच्यासारख्यांचे संसार उलथेपालथे होत राहतील. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, विल्फ, तळ्यातले डास, लाकडाच्या ढिगातले किडे आणि ज्यांच्या खुशालीची चौकशी करायला तुमचे बंधू रोज सकाळी मला न विचारता माझ्या किटलीतला चहा घेऊन जातात त्या गोगलगायी. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता.

पत्राचं कारण तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण ते तुम्हीच पोस्टाने पाठवलं होतंत. विल्फ निवृत्त झाला तेव्हा डेपोतल्या लोकांनी घड्याळ दिलं, शेजाऱ्यांनी केक दिला आणि तुम्ही प्रेमाने एक पुस्तक आणि एक लाकडी खोका दिलात. पुस्तकात बागेत वन्य प्राण्यांना कसं बोलवावं याचे उपाय होते आणि खोका म्हणजे हेजहॉगचा बंगला होता. त्यावेळी मी तुमचे आभार मानले होते, ते मागे घेते. भेट सुरेखच होती हो. हेजहॉग हा काट्यांचा चेंडू दिसायला गोड असतो, गोगलगायी खातो आणि कुणाच्या अध्यात मध्यात नसतो. नवऱ्याच्या जागी तोच मिळाला असता तरी मी तक्रार केली नसती. पण आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाच्या हातात पुस्तक द्यायचं नसतं, वन्सं. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही न वळता जातो आणि वाटेतला प्रत्येक थांबा घेतो.

आता आमचा मळा तुम्हाला माहीत आहे. रेल्वेच्या जुन्या बांधाखाली गावाच्या जमिनीचे तुकडे पाडलेत, त्यातला कडेचा आमचा. माझ्या वडिलांनी खाणीतून वर आल्यावर अंगावरची काजळी धुवायच्या आधी तिथे बटाटे लावले होते आणि त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला. कांदे, गाजरं, घेवडा, रुबार्ब, सगळं दोरी लावून सरळ रांगेत. माझ्या रांगा पाहून गावातली माणसं केस विंचरून घरी जात. तर पुस्तक वाचून झाल्यावर विल्फने जेवताना जाहीर केलं की निसर्गाला सरळ रेघ आवडत नाही. मी म्हटलं, निसर्गाला विचारलंस का? तो म्हणाला, पुस्तकात आहे. मग मी अर्धा तुकडा त्याला दिला. (का दिला हे पुढे येईल. तोवर मला मूर्ख समजलात तरी चालेल, नाहीतरी समजताच.)

त्या अर्ध्या तुकड्यावर तुमच्या भावाने काय केलं म्हणाल, तर काहीच केलं नाही, आणि ते त्याने फार कष्टाने केलं. फुलपाखरांना अंडी घालायला नेटल लागतात म्हणून अंगाला लागलं की आग आग होणारा तो पाला, जो माझ्या बापाने जन्मभर उपटला, तो त्याने जपून वाढवला. किड्यांसाठी कुजकी लाकडं आणून रचली. गोगलगायींचं औषध बंद केलं, कारण ते खाऊन मेलेल्या गोगलगायी खाऊन आपला पाहुणा मरेल. पाहुणा अजून आलेला नव्हता, पण त्याच्या तब्येतीची काळजी आधीच सुरू झाली होती. आमच्या लग्नात माझ्या आईचीही इतकी काळजी कुणी केली नव्हती. मग बेडकांसाठी तळं. तळं म्हणजे आमच्या न्हाणीघरातला जुना टब, जो मी भंगारात द्यायला काढला होता. तो जमिनीत पुरून, त्याभोवती दगड मांडून, शेवाळ चढू दिलं. त्याच टबाच्या काठावरून माझा पाय घसरला. मी कंबरभर पाण्यात बसलेली असताना तुमचे बंधू धावत आले, डोकावले आणि म्हणाले, "हलू नकोस आयरीन, तुझ्या खाली काहीतरी असेल."

एवढी सरबराई पाहून पाहुणे आले. आधी गोगलगायी आल्या, शंखाच्या आणि बिनशंखाच्या, आणि त्यांनी माझा कोबी असा चाळणीसारखा केला की त्यातून पीठ चाळता आलं असतं. मग कबुतरं आली. मग गांधीलमाश्या आल्या आणि त्यांनी हत्यारांच्या खोपटात बिऱ्हाड केलं, तेव्हापासून मी कुदळ घ्यायला आत जात नाही, दारातून विनंती करते. हेजहॉगच्या बंगल्यातही एक पाहुणा उतरला. विल्फ रोज संध्याकाळी बशीत मांजराचं खाणं ठेवायचा (पुस्तकात आहे), आणि सकाळी बशी चाटून पुसून लख्ख. त्याचा आनंद काय वर्णावा! महिनाभर तो घरात पाऊल न वाजवता चालत होता, जणू हेजहॉग आमच्या पलंगाखाली निजला आहे. शेवटी मी एका संध्याकाळी जाऊन बंगल्याचं छप्पर उचललं. आत गावच्या क्लबातला लठ्ठ तांबडा बोका गोल होऊन पडला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच दार लावून घेतलं. वन्सं, मांजराचं खाणं मांजराने खाल्लं, यात मला तरी निसर्गाचा काही चमत्कार दिसला नाही.

इथवर मी सोसलं. पण शेजार सोसेना. आमच्या शेजारचा तुकडा नॉर्मन टेम्पर्लीचा. हा जुना खाणकामगार, मळेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि लीकवाला. लीकवाला म्हणजे काय हे तुम्ही ब्रॅकनसाइड सोडून समुद्रावर गेलात म्हणून विसरला नसाल. सप्टेंबरातलं प्रदर्शन डोळ्यांसमोर ठेवून वर्षभर कांद्याच्या त्या जाडजूड भावंडांना मांडीएवढं करायचं आणि त्या नादात स्वतः काडीएवढं व्हायचं. नॉर्मन त्यांना बिअर पाजतो. वारा सुटला की कनात बांधतो. मागच्या वर्षी थंडी पडली तेव्हा त्याने त्यांच्यावर स्वतःची रजई घातली आणि बायको माहेरी गेली. ही दोन पुरुषमाणसं, एक काहीच न पिकवणारा आणि एक नको तेवढं पिकवणारा, मध्ये एक तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल इतका आदर, की एप्रिलपासून दोघं बोललेच नव्हते.

आणि ऑगस्टात तो आला. पुस्तकात ज्याचं प्रकरण शेवटून दुसरं आहे तो. बॅजर. तोंडावर काळेपांढरे पट्टे, अंगाने सोफ्यावरच्या लोडासारखा, नखं अशी की माझ्या बापाला त्याचा हेवा वाटला असता. विल्फने पक्ष्यांसाठी टांगलेल्या शेंगदाण्यांच्या वासाने बांधावरून उतरला असावा. शेंगदाणे खाल्ले, लाकडाचा ढीग उधळून किडे खाल्ले, माझी चार गाजरं कुरतडली, आणि मग त्याने, वन्सं, तारेखालून भुयार काढलं आणि नॉर्मनच्या लीकच्या चराचा फडशा पाडला. लीक खाल्ले नाहीत हो. त्याला लीकची गोडी नव्हती. लीकखालच्या त्या बिअर प्यायलेल्या, पोसलेल्या मातीत जी जाड गांडुळं होती त्यांच्यासाठी त्याने लीक बाजूला काढून ठेवले. जसे आपण ताटातले मिरे काढून ठेवतो तसे.

सकाळी नॉर्मनची किंकाळी ऐकून मी धावले. तो चरात गुडघ्यावर बसला होता, हातात एक उपटलेला लीक धरून, बाळाचं डोकं सावरावं तसा. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "हे तुझ्या नवऱ्याने बोलावलं. बशी मांडून बोलावलं. मंडळाची सभा लावतो मी आता. तो तुकडा काढून घेतो."

"अख्खा?" मी विचारलं.

"नियम तुकड्याला असतो, अर्ध्याला नसतो," तो म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "हां, तू सभेत आमच्या बाजूने बोललीस, म्हणालीस की हा सगळा जंगलाचा कारभार तुला मान्य नाही, तर तुझ्या नावावर सगळा परत करू. तुझ्या बापाचा होता तसा. बघ."

मी म्हटलं, बोलेन. आता तुम्ही हे वाचून ओठ आवळले असतील, मला इथून दिसतात. पण जरा माझ्या जागी उभ्या राहा. (टबाच्या काठावर नको.) माझे कांदे, माझा घेवडा, माझ्या बापाची माती, सगळं परत मिळणार, आणि बोलायचं काय, तर फक्त खरं. मी दोन दिवस स्वयंपाक करता करता भाषणाची तालीम केली. विल्फ समोर बसून वाटाणे सोलत होता आणि पुस्तकात डोकं घालून हळहळत होता. कारण त्याला नुकताच शोध लागला होता की बॅजर हेजहॉग खातो. "म्हणजे ज्याच्यासाठी घर बांधलं," तो म्हणाला, "त्याला खाणाऱ्याला मी शेंगदाणे घातले, आयरीन." असा रडवेला चेहरा मी त्याच्या आईच्या अंत्यविधीलाही पाहिला नव्हता. (त्यावेळी तुम्ही सगळ्यांच्या वतीने रडत होतात, म्हणून असेल.)

सभा क्लबाच्या मागच्या खोलीत झाली. बिंगो संपला होता, टेबलांवर चहाचे कप आणि हॅम भरलेले स्टॉटी ब्रेड होते, आणि चिटणीस ब्रेंडा स्टोबार्ट चष्मा कपाळावर चढवून बसली होती. गर्दी अशी की एखाद्याच्या मयतालाही होत नाही. नॉर्मनने उपटलेले लीक टेबलावर ओळीने मांडले आणि त्यांच्यावर पांढरा रुमाल घातला. मग रुमाल उचलून एकेक लीक वर धरून दाखवला. मागच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मग त्याने सांगितलं, मळा हा मळा असतो, प्राणिसंग्रहालय नसतं. टाळ्या झाल्या. मीही एक वाजवली.

ब्रेंडा म्हणाली, "विल्फ, तुला काही बोलायचंय?"

तुमचा भाऊ उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय नाही. जन्मभर त्याने लोकांना एकच भाषण दिलं होतं, "आत सरका, मागे जागा आहे." टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "नॉर्मनचं बरोबर आहे. त्याच्या लीकचं झालं ते माझ्यामुळे. मला असं काही करायचं नव्हतं. माझा अर्धा तुम्ही घ्या, तळंबिळं मी बुजवून देतो. फक्त आयरीनच्या अर्ध्याला हात लावू नका. तो तिच्या वडिलांचा आहे. तिला माझ्यापायी शिक्षा नको." आणि खाली बसला.

इथे नॉर्मनने गप्प बसायला हवं होतं. तो जिंकलाच होता. पण जिंकलेल्या माणसाला कधी जीभ आवरली आहे? तो म्हणाला, "बस हाकणाऱ्याला मातीतलं काय कळतं म्हणा. त्याला घरी बसवा, खिडकीपाशी. तिथे तो बरा होता."

आता ती गोष्ट सांगते जी मी तुम्हाला तेव्हा कळवली नव्हती. निवृत्त झाल्यावर पहिला अख्खा हिवाळा विल्फ पुढच्या खोलीत खिडकीपाशी उभा होता. सकाळी दाढी करायचा, गणवेशाचा कोट नव्हता म्हणून दुसरा कोट चढवायचा, आणि उभा राहायचा. बस गेली की म्हणायचा, "उशिरा आली." दुसरी गेली की, "ही वेळेवर आहे." तेवढंच. दिवसभरात तेवढंच बोलायचा. मी रेडिओ मोठा करायची म्हणजे मला ते ऐकू येऊ नये. त्याला पाठीवरून पाहिलं की वाटायचं, हा माणूस कुणाची तरी वाट पाहतो आहे आणि ते कुणी येणार नाही. मग एका सकाळी तुमचं पुस्तक हातात घेऊन तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि चिखलाने भरलेले बूट घेऊन परत आला. ते त्याने माझ्या नुकत्याच धुतलेल्या फरशीवर उमटवले. मी ओरडले नाही. अर्धा तुकडा मी त्या दिवशी दिला.

तर मी उठले. तालीम केलेलं भाषण तोंडात होतं, पण ते दुसऱ्याच दाराने बाहेर पडलं. मी म्हटलं, "नॉर्मन टेम्पर्ली, तू कांद्याच्या पातीला बिअर पाजतोस. थंडीत रजई घालतोस. तुझी बायको तीन आठवडे माहेरी बसली, तेव्हा तू तिला आणायला गेला नाहीस, कारण प्रदर्शन जवळ आलं होतं. आम्ही गावाने कधी तुला खिडकीपाशी बसवलं? माझा नवरा वेडा आहे. टबात बेडूक बोलावतो, बोक्याला हेजहॉग समजतो, सगळं कबूल. पण त्याला वेडा म्हणायचा हक्क माझा आहे, मी तो चर्चमध्ये जाऊन मिळवला आहे, आणि तो मी कुणाला उसना देत नाही. तुकडा घ्यायचा तर अख्खा घ्या. माझे कांदे आधी उपटून न्या. मग बघते ते कुणाच्या घशाखाली उतरतात."

मागच्या बाकावरच्या त्याच दोन बायकांनी पुन्हा डोळे पुसले. (त्यांना कशालाही रडू येतं.) विल्फ माझ्याकडे असा बघत राहिला, जसा पहिल्यांदा बॅजरकडे बघत राहिला असेल. नॉर्मन लाल झाला, पांढरा झाला, आणि रुमालाने कपाळ पुसायला गेला, तर तो लीकवरचा रुमाल होता.

ब्रेंडाने चष्मा खाली घेतला. ती म्हणाली, बॅजरला हात लावणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध ठराव होत नाही. तुकड्याचं काय ते प्रदर्शन झाल्यावर बघू. तोवर नॉर्मनच्या उरलेल्या लीकभोवती विल्फने स्वतःच्या हाताने पक्कं कुंपण घालायचं आणि रोज दिवेलागणीला राखण करायची. नॉर्मन म्हणाला, "तो राखण करणार? तो गालिचा अंथरेल! मीही बसणार." ब्रेंडा म्हणाली, "मग बसा दोघं."

अशा रीतीने दोन शत्रू नॉर्मनच्या कबुतरखान्याच्या दारात दोन उलट्या खोक्यांवर बसू लागले. विल्फकडे दुर्बीण, नॉर्मनकडे पातेल्याचं झाकण आणि डाव, बॅजर दिसताच बडवायला. बोलणं नाही. पहिल्या संध्याकाळी मी चहा नेला, कारण आमच्या घराण्यात शत्रूलाही चहा मिळतो आणि नवऱ्यालाही. दोघांनी कप घेतले आणि दोन दिशांना तोंडं करून प्यायले. दुसऱ्या संध्याकाळी नॉर्मन म्हणाला, "साखर कमी आहे." विल्फ म्हणाला, "मलाही वाटलं." मला कळलं की आता काही खरं नाही. पुरुष एकदा बायकोच्या चहाविरुद्ध एक झाले की त्यांची मैत्री तुटत नाही.

आणि मग एका संध्याकाळी, उजेड अजून पुरता गेला नव्हता, मी ट्रे घेऊन उभी असतानाच तो बांधावरून उतरला. भरल्या बसमधून सामान घेऊन उतरणाऱ्या जाड बाईसारखा, डोलत, कुणाची पर्वा न करता. कुंपणापाशी आला, नाकाने वास घेतला, आणि खणायला लागला. मी नॉर्मनकडे पाहिलं. झाकण हातात, डाव वर उचललेला. डाव वरच राहिला. बॅजर पुढच्या पायांनी माती ओढत होता, मागच्यांनी फेकत होता, मध्ये थांबून बाजू दाबून घट्ट करत होता, पुन्हा ओढत होता. बघता बघता डोकं गेलं, खांदे गेले, आणि शेपटीचं टोक तेवढं वर राहिलं.

"अरे," नॉर्मन अगदी हळू म्हणाला. "अरे, काय खणतोय बघ. टेकू नाही, दिवा नाही, आणि कडा ढासळत नाही." मग म्हणाला, "आमच्या पाळीत असा एक जण होता. त्याच्या हाताखाली मी शिकलो. असाच खणायचा. न बोलता." त्याने डाव मांडीवर ठेवला. विल्फने दुर्बीण गळ्यातून काढून त्याच्या हातात दिली. तेवढ्यात बॅजर कुंपणाच्या पलीकडे निघाला, नॉर्मनच्या लीककडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि आल्या भुयारातून मागे फिरून माझ्या गाजरांच्या रांगेत शिरला. दोघांपैकी एकानेही झाकण वाजवलं नाही. मी म्हटलं, "वाजवा!" दोघं एका सुरात म्हणाले, "शू!"

प्रदर्शनात नॉर्मनचे लीक तिसरे आले. पहिला नंबर पलीकडच्या गावात गेला. एरवी अशा पराभवानंतर तो नाताळपर्यंत बोलत नाही. यंदा तो प्रदर्शनातून टाय न सोडता सरळ मळ्यावर आला आणि त्याने विचारलं, "आला का?" पुढच्या सभेत त्याने ठराव स्वतःच मागे घेतला. आता तुकडा शाबूत आहे. म्हणजे कागदावर. जमिनीवर म्हणाल, तर आता मला एकाच्या जागी दोन झाले आहेत. नॉर्मनने त्याच्या कडेला नेटल वाढू दिले आहेत. दोघं मिळून बांधाच्या पायथ्याशी आणखी लाकडं रचताहेत. बॅजरला काय हाक मारायची यावर त्यांची रोज भांडणं होतात, कारण नॉर्मनला जुन्या मुकादमाचं नाव द्यायचं आहे आणि विल्फला वाटतं की जंगली प्राण्याला नाव देऊ नये (पुस्तकात आहे). माझ्या गाजरांच्या रांगेला दोघं आता "वाट" म्हणतात. "आयरीन, त्याच्या वाटेत उभी राहू नकोस." ती माझी गाजरं आहेत, वन्सं. होती.

तर हा सगळा तुमच्या त्या प्रेमळ भेटीचा विस्तार. देवाने तुम्हाला उदंड आयुष्य द्यावं आणि पोस्टाची तिकिटं महाग करावीत. गुडघ्यांना ऊब द्या, ओल्या पायरीवर जाऊ नका, भाडेकरूला माझा नमस्कार सांगा.

तुमची सोशिक भावजय,
आयरीन

ता. क. नॉर्मनचा वाढदिवस नोव्हेंबरात येतो. विल्फ तुम्हाला त्याच्यासाठी पुस्तक मागेल, वटवाघळांचं आहे म्हणे. मिळालं नाही म्हणून कळवा. शोधलंच नाही तर खोटंही ठरणार नाही.

ता. क. दुसरा. एक सहज आठवलं म्हणून लिहिते. तुमच्या यजमानांची, सिरिलदाजींची दुर्बीण, जहाजं बघायची ती चांगली, कपाटात नुसती पडून असेल ना? कातड्याच्या पेटीला बुरशी येते, वस्तू वापरात असलेली बरी. पाठवलीत तर मी जपून ठेवीन. विल्फची एक आहे, पण ती तो आणि नॉर्मन आलटून पालटून घेतात आणि माझी पाळी येईपर्यंत अंधार पडतो. मला त्यात काही रस आहे असं नाही. पण ट्रे घेऊन उभं राहायचंच, तर नुसतं कशाला उभं राहायचं? पार्सल माझ्या नावाने पाठवा.

ता. क. तिसरा, पाकिटाच्या पाठीवर, दुसऱ्या अक्षरात.

ऑड्रेताई, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. बाकी ठीक, पण गाजरांचं तसं नाही. बॅजरने पहिले दोन दिवस तेवढी उकरली. त्यानंतर हीच रोज संध्याकाळी उपटते, नळाखाली धुते आणि वाटेवर ठेवून येते. आम्ही दोघं पाहिलं नाही असं दाखवतो. दुर्बीण जरूर पाठव, पण पार्सल माझ्या नावाने कर. माझी जी आहे ती तीन आठवडे हिच्या गळ्यात आहे आणि नॉर्मन विचारायला घाबरतो.

तुझा,
विल्फ